मामा आले

ता. ९ मार्च

चि. भाचेबुवांस,

अ. उ. आ. (हात सवयीने लिहून गेला. मनापासूनचे समजू नकोस.)

आत्ताच घरी पोचलोय, अजून बूटही काढलेले नाहीत. बूट काढले की माझा राग उतरतो असं तुझी आई म्हणते. आज मला तो उतरू द्यायचा नाहीये.

मी येणार हे तुला कार्ड टाकून कळवलं होतं. दुपारच्या प्रयोगाला येईन, गल्लीच्या दाराने येईन, मध्यंतरात तुझ्याशी बोलेन, असं स्वच्छ लिहिलं होतं. काय बोलणार होतो ते तुला ठाऊक आहे. बाप गेल्यावर तू थिएटरच्या माडीवरच्या, तुझ्या आईच्या खोल्या रिकाम्या करून तिथे नाटकाचे कपडे टांगलेस आणि तिला ‘थोडे दिवस’ म्हणून माझ्याकडे सोडून गेलास. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. ती खिडकीत बसते आणि मलाच समजावते की तुला कामं फार असतात. एवढंच तुझ्या तोंडावर सांगायला मी बसचे धक्के खात आलो.

तर ते गल्लीचं पत्रा मारलेलं दार. तुझा बाप होता तोवर प्रयोग चालू असताना ते आतून लावलेलं मी कधी पाहिलं नाही, तसा त्याचा नियमच होता. आतल्या स्टुलावर तुमचा तो म्हातारा दारवान बसतो, ज्याला सगळे सावकाश म्हणतात, कारण गर्दी सोडताना त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसतो. मी दार ओढणार तेवढ्यात आतून कडी सरकली. आणि मागोमाग खाकरणं. तुझं खाकरणं. अख्खा जन्म मी शाळेच्या मैदानावर कवायत घेण्यात घालवला, पाठमोऱ्या पोरांना खाकरण्यावरून ओळखलंय, तुला नाही ओळखणार? मी थापा मारल्या. तू उघडलं नाहीस. जिना चढून कुणी गेल्याचा आवाज आला.

मी तिथेच उभा राहिलो, कारण मी हट्टी आहे. मग आत धिंगाणा सुरू झाला. पाय आपटणं काय, ओरडणं काय, दारावर आतून थापाच थापा. दुसऱ्या अंकात लोक हसून लोळतात असं तुझी जाहिरात म्हणते, ते खरं असावं. की तूच चार टगे उभे केले होतेस, बाहेर म्हातारा ताटकळतोय, जरा वाजवा म्हणून? म्हटलं, करा मजा. आणि निघून आलो. वाटेत आगीचे बंब घणघणत समोरून गेले, त्यांच्यापायी बस खोळंबली. तो वेळही मी तुझ्या नावाने बोटं मोडण्यात घालवला.

पुन्हा तुझ्या दाराशी येणार नाही. लोभ होता तेवढा त्या कडीला अडकवून आलोय.

तुझा मामा


ता. १७ मार्च

चि. कुजबुजीस,

अ. आ.

तुझा आवाज गेलाय असं हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं, तेव्हा फोनचा उपयोग नाही. शिवाय आता तू मामांच्या घरी आहेस, तिथला फोन तेच उचलतात. विंगेत बसून नटांना वाक्यं सांगता सांगता जिचं नाव कुजबुज पडलं, तिचाच घसा धुराने जावा, यावर ही काहीतरी बोलली असती आणि आपण हसलो असतो. ही आता नाही. तुझ्या वहिनीला पोचवायला तू नव्हतीस. नळ्या लावून पडली होतीस म्हणून मी काही म्हणत नाही. लोक म्हणाले.

थिएटरचं काय उरलंय ते ऐकायचं असेल तर ऐक. भिंती, आणि खुर्च्यांचे लोखंडी पाय. त्या पायांच्या रांगा अजून सरळ आहेत. माझ्या शर्टांचा जळका वास धुऊन जात नाही. पेपरवाले फाटकाशी, मेलेल्यांचे नातेवाईक फाटकाशी. परवा एका बाईने तिच्या नवऱ्याचं अर्धं फाडलेलं तिकीट माझ्या तोंडावर फेकलं. मी ते उचलून खिशात ठेवलं, दुसरं काय करणार होतो?

आता कामाचं. चौकशी समिती बसलीये. दिव्याच्या तापाने विंगेतला झिरझिरीत पडदा पेटला तो पहिल्यांदा तू पाहिलास आणि माइकवरून सगळ्या दारांना खबर तूच दिलीस, हे त्यांना माहीत आहे. ते विचारणार, इशारा कसा दिला. तू सांगायचं, धोक्याची घंटा दिली. बस. बाबांचा तो शब्द तोंडातून काढायचा नाही. आपण आगीला काय म्हणायचो हे बाहेरच्यांना कळून उपयोग नाही, आधी हसतील आणि मग एकातून एक प्रश्न काढतील. सावकाशने तो शब्द पोलिसांपुढे काढला, त्यांना वाटलं म्हातारा प्यायलाय. पेपरातही तसंच आलं. बाकीच्या दारवानांशी मी बोललोय. त्यांना घंटाच आठवते.

सावकाश आत आहे. गल्लीचं दार त्याचं होतं, कडी लागलेली सापडली, आतल्या रेट्याने वाकून अडकलेली, आणि मेले ते सगळे त्या दारामागे मेले. तुझी वहिनीसुद्धा. तो म्हणतो, मालकांनी मला पुढच्या फाटकावर पाठवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. घाबरलेला माणूस काहीही बोलतो.

विश्वस्त नवं थिएटर बांधायचं म्हणताहेत, बाबांच्या नावाने. ते तुझ्या बडबडीपायी अडायला नको. घशाला जप. डॉक्टर म्हणताहेत तर बोलू नकोस. मीही तेच म्हणतोय, बोलूच नकोस.

लोभ राहील की नाही ते तुझ्या जबानीवर.

दादा


ता. २१ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

विनंती काही नाही, विशेष बरंच आहे.

मला बोलायला बंदी आहे, त्यामुळे या घरात सध्या मी एकटीच अशी आहे जिच्याशी कुणाला भांडता येत नाही. आईने मला पाटी आणून दिलीये. मी लिहिते, ती चष्मा शोधते, चष्मा सापडेपर्यंत मी लिहिलेलं मलाच पटेनासं होतं. मामा सकाळी माझ्याकडून श्वासाचे व्यायाम करून घेतात. पाठ सरळ, खांदे मागे, हनुवटी वर. तू असतास तर परसाच्या दाराने पळाला असतास. आपण सगळेच पळायचो. त्यावरूनच तर बाबांना तो शब्द सुचला.

तुला आता घंटा आठवायला लागलीये म्हणून मुद्दाम लिहून काढते. थिएटरात ‘आग’ म्हणायचं नाही, तो शब्द ऐकला की लोक एकमेकांना तुडवतात, असं बाबा म्हणायचे. मग म्हणायचं काय? तर बाबांनी आपलं घर पाहिलं. मामांची चाहूल लागली की अख्खं घर रिकामं व्हायचं. कुणी ओरडत नाही, कुणी धावत नाही, जो तो जवळच्या दाराने गुपचूप बाहेर. बाबा म्हणाले, थिएटर असं रिकामं झालं पाहिजे. तेव्हापासून माइकवर ‘मामा आले’ ऐकलं की दारवानांनी समजायचं, आग लागली. दारं सताड उघडायची आणि लोकांना सोडायचं. दर महिन्याला तालीम व्हायची. सावकाश तर झोपेतही उठून दार उघडेल. मामांना यातलं काही माहीत नाही. मी पाटीवर लिहिलेलं नाही.

आणि घंटा बाबा गेल्यापासून बंद आहे. मी सांगितलं की तू म्हणायचास, बघू.

आगीची बातमी आली तेव्हा, आई सांगते, मामा तुला शिव्या देत होते, दारावरच्या अपमानाच्या. पेपर वाचला आणि थांबले. आपण ऐकल्या त्या थापा कसल्या होत्या ते त्यांना कळलं. तेव्हापासून ते गप्प आहेत. मामा गप्प, हे बघायला तरी तू यायला हवं होतंस. फक्त एक प्रश्न ते आईला पुन्हा पुन्हा विचारतात. दाराला पत्रा, फट कुठे नाही, मी अजून थाप मारली नव्हती, मग त्याला कळलं कसं की मी आलो?

मला उत्तर माहीत आहे, दादा. मीच सांगितलं तुला. स्पीकरवरून. ‘मामा आले.’ मी म्हणत होते दारं उघडा, आणि तू कडी लावलीस.

सावकाश खरं बोलतोय. तू त्याला फाटकावर पाठवलंस, मामा दिसले तर थोपव म्हणून, आणि चुकून ते गल्लीतून आलेच तर अडवायला स्वतः स्टुलावर बसलास. हे खोटं असेल तर मला लिहून कळव. तुझा हात चालतो का बघायचंय.

पुढे लोभाबद्दल लिहायची पद्धत आहे. मी जागा सोडलीये.

कुजबुज


ता. २६ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि.

आपलं नऊ तारखेचं पत्र मिळालं. हिला पोचवून आलो तेव्हा पोस्टमन जळक्या फाटकात उभा होता, त्याने ते माझ्या हातात दिलं. ‘चार टगे उभे केले होतेस’ हे मी तेव्हा, तिथे उभ्याने वाचलं. पत्र फाडून टाकलंय. तुम्हीही ते लिहिलं नव्हतं असंच समजा.

त्याहून सोयीचं म्हणजे, तुम्ही त्या दिवशी आलाच नव्हता. नाहीतर तुम्हालाही विचारतील, बाहेर उभं राहून आपण काय केलंत? कुणाला हाक मारलीत? गल्लीत माणसं नव्हती का? तुम्ही काय सांगणार, मला वाटलं आत हसताहेत? त्या मेलेल्यांच्या घरच्या लोकांसमोर हे सांगून बघा.

आणखी एक. तुमची लाडकी भाची तुम्हाला सांगत नाहीये, म्हणून मी सांगतो. थिएटरात आम्ही आगीला ‘मामा आले’ म्हणायचो. तुमच्या मेव्हण्याने ठेवलेलं नाव. का, तर तुम्ही आलात की माणसं पळ काढतात. महिन्याच्या महिन्याला तालीम असायची, माइकवर तुमच्या नावाचा पुकारा आणि आम्ही सगळे पळतोय. दारवान हसायचे, नट हसायचे. तुमची बहीणही हसायची. कुजबुज समितीपुढे बोलली की हे पेपरात येणार. तुमच्या हाताखालची पोरं आता मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत म्हणता ना, ती पेपर वाचत असतील.

तेव्हा तिला समजवा. घंटा वाजली, एवढं तिने म्हणायचं आहे. तुमच्या घरात राहते, तुमचं ऐकेल. तुमचं न ऐकायची कुणाची टाप आहे?

कळावे, आणि कळलं असेल तर गप्प राहावे.

आपला भाचा


ता. ३० मार्च

भाच्यास,

आशीर्वाद संपले.

सावधान.

तुझं पत्र आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती मला म्हणाली, हसायचे मी, खरं आहे. आणि पळायचेही. स्वैपाकघराच्या दाराने पळायचे, तू गेलास की परत यायचे, तुझ्यासाठी टाकलेला चहा तोवर गार झालेला असायचा. एवढं सांगून ती रडली, आणि मग मीच तिला चहा करून दिला. तर तुझी धमकी फुकट गेली. तू जन्मायच्या आधीपासून पोरं मला काय काय नावं ठेवत आलीत, त्यातलं एकही बायकांसमोर घेता येणार नाही. त्या मानाने आग हे फार मानाचं नाव आहे.

मला एक कोडं पडलं होतं ते मात्र तू सोडवलंस. फट नव्हती, थाप मारली नव्हती, मग तुला कळलं कसं. पोरगी आत जीव तोडून सांगत होती की आग लागली, दारं उघडा, आणि तू ऐकलंस की म्हातारा आला, दार लावा. माझे तुझ्या डोक्यात दोन अर्थ होते, घाईत जवळचा हाताला लागला. चूक झाली. होते चूक. डावीकडे वळ म्हटलं की एक तरी पोरगा उजवीकडे वळतो, त्याला मी कधी मारलं नाही. शेजारच्याने ढकललं म्हणून सांगणाऱ्याला मारलंय. तो म्हातारा सावकाश तुझ्या शेजारी उभा होता एवढाच त्याचा गुन्हा.

तू विचारतोस बाहेर उभं राहून मी काय केलं. काही केलं नाही. पत्रा थरथरत होता, मी त्याला तळहात लावला होता, आणि मला वाटलं माझी थट्टा चाललीये. ती थरथर अजून माझ्या हातात आहे, जेवताना घास सांडतो. तुझी बायको त्या पत्र्यापलीकडे होती. मी आलो की न पळणारी तुमच्यात ती एकटीच. हातातली इस्त्री बाजूला ठेवायची, पाठ ताठ करून बसायची आणि विचारायची, मामा, आता बरोबर?

मी समितीपुढे जाणार. मी आलो होतो हे सांगणार. ऐकून जे हसतील त्यांना हसू दे, जे थुंकतील त्यांना थुंकू दे. पेपरवाल्यांनी मागितला तर फोटोही देईन, शिट्टीसकट. आणि भाचीला काय सांगायचं ते मी तिला सांगितलेलं नाही. तिला पाठीचा कणा आहे, मी स्वतः सरळ केलाय.

विश्राम. मला. तुला नाही.

मामा


ता. ४ एप्रिल

कुजबुजीस,

तुझ्या मामांचं उत्तर आलं. मला कवायतीतल्या पोराचा दाखला दिलाय. त्यांच्या मैदानावर चुकीच्या बाजूला वळल्याने कुणाची बायको मरत नव्हती, एवढं त्यांना सांग. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिही.

तुला मी एक विचारतो. मामांचं ते कार्ड तूही वाचलं होतंस. माझ्या टेबलावरून उचलून, मामांच्या आवाजात, पाठ ताठ करून मोठ्याने वाचलंस आणि ही हसून खाली बसली. तुला माहीत होतं की आज खरे मामा येणार आहेत. मग तो शब्द का काढलास? आग म्हणायला काय झालं होतं? ‘मामा आले’पेक्षा तोंडाला सोपं आहे. बाबांचा नियम मोडला असतास तर बाबा उठून येणार होते? मी कडी लावली, पण ती लाव म्हणून माझ्या कानात कोण बोललं? जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातलीस, एकदा शब्द चुकलीस तर त्याचा जाब मी द्यायचा? सांगायचंच असेल तर पुरतं सांग.

ती माडीवर होती. कपडे इस्त्री करत होती. पुढचा जिना तिला जवळ होता, मी त्यानेच बाहेर पडलो, तरी ती गल्लीच्या दाराकडे उतरली. कारण ते दार कधी लावलेलं नसतं हे तिला माहीत होतं. मी हे रोज कुणी न सांगता ऐकतो. ते मला समितीकडून ऐकायचं नाही, पेपरात वाचायचं नाही, आणि तुझ्या त्या कुजबुजीतून तर मुळीच नाही.

सावकाशच्या मागेपुढे कुणी नाही. वय झालंय, आत दोन वेळचं मिळतं, मी वकीलही बघून देईन. तू फक्त घंटा म्हण. आवाज नाही तर नुसती मान हलव. ते लिहून घेतील.

मी त्या दिवशी येणार नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलंय. तुला वाटेल ते खोटं आहे. ते एकच खरं आहे, छातीत दुखतं.

लोभाचं तू आणि तुझी ती सोडलेली जागा बघून घ्या.

दादा


ता. १२ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

झालं. तू नव्हतास म्हणून लिहिते, नाहीतर पेपरातून कळेल आणि पेपरवाले तुला पुन्हा भलतंच सांगतील.

कचेरीतली लांबट खोली होती. टेबलावर पाण्याचे ग्लास, पंखा आवाज करणारा, खिडक्यांना बाहेरून जाळी. मेलेल्यांची माणसं मागच्या बाकांवर बसली होती, जागा पुरली नाही ती बाहेर व्हरांड्यात. गलका नको म्हणून शिपायाने दाराची दोन्ही पाखं लावून आतून कडी घातली होती. कडी पडली तेव्हा मागच्या बाकांवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मीही पाहिलं. सावकाश कडेच्या बाकावर पोलिसाशेजारी बसला होता. दाढी वाढलीये, सदरा दुसऱ्या कुणाचातरी घातलाय. मला बघून उठायला लागला, पोलिसाने खांद्यावर हात ठेवून बसवला.

अध्यक्षबाई समजूतदार होत्या. त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला, बोलू नका, लिहून द्या म्हणाल्या. मी मानेने नको म्हटलं. इशारा मी काही लिहून दिला नव्हता.

तू म्हणालास पुरतं सांग. पुरतं सांगितलं. बोलता येईल तेवढं बोलून, बाकीचं पाटीवर. पडदा पेटलेला मी पाहिला. कार्ड मी वाचलं होतं, मामा येणार हे मला माहीत होतं, आणि तरी माझ्या तोंडातून बाबांचाच शब्द गेला, कारण तिथे दुसरा शब्द मला कुणी शिकवलाच नव्हता. ‘आग’ हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आलासुद्धा नाही. हे कसं झालं ते मी समजावलं नाही. मलाही समजलेलं नाही. त्याचं काय करायचं ते मी बघेन, तुला त्यात वाटा देणार नाही.

मग बाईंनी विचारलं, नेमके कोणते शब्द वापरलेत? आरोपी काहीतरी मामांचं सांगतो, ते काय आहे? मागे कुणीतरी हसलं. तुझे दारवान घंटा सांगून आधीच मोकळे झाले होते, खाली बघत बसले होते.

मी म्हटलं. आवाज नव्हताच. विंगेतून नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये, तसं माझं बोलणं असतं, त्यातलंही आता अर्धंच उरलंय. टेबलापर्यंतसुद्धा पोचलं नाही. बाईंनी कानाला हात लावून म्हटलं, पुन्हा सांगा. पण पुन्हा सांगायची वेळ आली नाही, दादा. सावकाश उठला होता.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पोलिसाला वाटलं पाणी प्यायला उठला असेल. तो सरळ दाराशी गेला, न धावता, कडी सरकवली, दोन्ही पाखं भिंतीला टेकेपर्यंत उघडली आणि स्वतः बाजूला होऊन हात लांब करून उभा राहिला. बाहेर व्हरांड्यात माणसं खच्चून उभी होती, ती नुसती बघत राहिली. आत सगळे बसलेले. आणि तो आपला रिकाम्या वाटेला सांगतोय, सावकाश, सावकाश, या, सावकाश.

मग त्याच्या लक्षात आलं आपण कुठे आहोत. हात तसाच राहिला. पोलीस धावला, त्याला बाईंनी थांबवलं. बाहेरून एक बाई आत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तुझ्या तोंडावर तिकीट फेकणारी तीच असावी. मला वाटलं आता मारते. तिने त्याचा तो हात धरून खाली घेतला.

खोलीत कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि तुझ्या दारवानांना पुन्हा विचारलं, घंटा नक्की ना? त्यातला एक रडायला लागला. नंतर मामांची पाळी आली. त्यांनी सांगायचं ते सगळं सांगितलं, खाकरणं, कडी, थापा. शेवटी तळहात उघडून टेबलावर ठेवला, जणू बाईंना ती थरथर बघता येणार होती. मागून एक माणूस त्यांच्यावर ओरडला, फार वाईट ओरडला. मामा पाठ ताठ करून ऐकत उभे राहिले, त्याचं संपेपर्यंत.

आता तुला बोलावतील. सर्टिफिकेटवर किती दिवस काढशील ते बघ. मी माझ्या बाजूने तुला काही माफ केलेलं नाही, आणि तूही मला करू नकोस, तेवढं तरी सारखं राहू दे.

एक राहिलं. येत्या रविवारी मामा तुझ्याकडे यायला निघताहेत. मी पाटीवर लिहिलं, कशाला, तो दार उघडणार नाही. ते म्हणाले, त्याच्या घरातून पळणारं आता कुणी उरलेलं नाही, एकटा असेल. जाऊन चार शिव्या देतो, पाठ सरळ करून घेतो आणि येतो. आईने पिशवी भरली आहे. तीही येतेय, पण खाली थांबेन म्हणते, तू बोलावलंस तरच वर येईन.

लोभाची जागा अजून मोकळीच ठेवलीये. मामा आले की काय करायचं असतं ते तुला बाबांनी शिकवलंय.

कुजबुज